खारपाणातली गोडी विहीर

मी गोडी विहीर बोलतेय. कठड्यावर वाकून हाका मारू नका, मी बहिरी नाही. बहिरं कोण आहे ते पुढे सांगतेच.

अंजनगाव सुर्जीहून खाली पूर्णेच्या अंगाला उतरलात की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या एका गावात मी आहे. इथली काळी जमीन दिसायला लोण्यासारखी, पण कुठेही खोल खणा, पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा गावात मी एकटी गोड होते. हे मी बढाईनं सांगते. बढाई मारायला आता दुसरं काही उरलेलं नाही.

चाळीस वर्षांपूर्वी नत्थुजीनं मला खोदलं. पस्तीस फुटांवर पाणी लागलं आणि त्याला हाव सुटली. आणखी दहा फूट जाऊ म्हणाला. तेवढ्यात खुर्शीदबी तिथे आली. ती गावची दाई. हिंदूंचं असो की मुसलमानांचं, गावातलं लेकरू तिच्याच हातावर पडायचं. शाळा तिनं पाहिली नव्हती, माणसाचं शरीर मात्र तिला पाठ होतं. तिनं बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेवर घोळवलं आणि टिकाव धरलेल्या नत्थुजीला सांगितलं, "थांबा नत्थुभाऊ. माणसाच्या आंगात सारं खारट असते. घाम खारट, आसू खारट, रगत खारट. गोड एकच, मायचं दूध. धरतीचंही तसंच हाये. हे तिचं दूध लागलं तुमाले. आखीन खाली जासान तं रगत लागन."

नत्थुजी हसला, पण टिकाव खाली ठेवला.

त्या बोलण्यातून गावात रीत पडली. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडायची ती माझ्याकडे. नत्थुजीच्या बायकोला, सुभद्रेला, नवसानं श्याम झाला, तेव्हा तीही आली. हळदकुंकू वाहिलं आणि आपल्या दुधाचे दोन थेंब माझ्यात पिळले. खुर्शीदबीच्या मोहल्ल्यातल्या पोरी चाळीस दिवसांनी यायच्या. कुंकू नसायचं, थेंब तेच.

थंडीत सकाळी माझ्या तोंडातून वाफ निघायची, जशी तुमच्या. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडायच्या, जशा बायकांच्या टाचांना. दिवसभर उपसली तरी सकाळी मी भरलेली असायचे, जसा पान्हा भरतो. खुर्शीदबी बाळंतिणीची नाडी पाहून घरी जाताना माझ्या कठड्यावर तळवा ठेवायची. लोक म्हणायचे, बुढीचं डोकं फिरलं. माणूस स्वतःला मातीचा म्हणवतो, मेल्यावर मातीत जाणार म्हणतो, आणि मातीला नाडी आहे म्हटलं की दात काढतो. ही कसली अक्कल?

पुढे नळ आले. मग मी उकिरडा झाले. निर्माल्य माझ्यात, फुटकी चप्पल माझ्यात, एकदा मेलेलं मांजर माझ्यात. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायला लागलं तेव्हा मी पुन्हा आठवले. मांजर काढलं, पावडर टाकली, मोटर बसवली. मी रुसले नाही. आई कुठे रुसते, असं तुम्हीच म्हणता ना? तुमच्या सोयीचं आहे ते.

यंदाच्या उन्हाळ्यात माझं पाणी पुरेना. घागरभर पाण्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या. श्यामची बायको आकांक्षा सात महिन्यांची गरोदर, तीही रांगेत उभी. श्यामला ते पाहवेना. पोरगा वाईट नाही. गावाला पुरावं म्हणूनच त्यानं बोअरची मशीन आणली. माझ्या तळातच भोक पाडायचं ठरलं. मशीनवाला म्हणाला, नव्वद फुटांवर पाण्याचा समुद्र आहे.

खुर्शीदबी आता ऐंशीची. काठी टेकत आली आणि माझ्या कठड्यावर बसली. "समुद्र कधी गोड ऐकला काय रे बाबू?" असं तिनं मशीनवाल्याला विचारलं. तो हसला. मग ती श्यामकडे वळली.

"दूध पुरत नाई म्हणून कोणी मायच्या छातीत भोक पाडते काय, श्याम?"

"दाई, तुमी मले जन्माले आणलं, ते उपकार हायेत," श्याम म्हणाला. "पण हे मशीनचं काम हाये. तुमी उठा."

सगळ्यांनी बाजेवर बसलेल्या नत्थुजीकडे पाहिलं. त्याला टिकाव आठवत होता. मला त्याच्या तोंडावर ते दिसत होतं. पण तो म्हणाला, पोराचं पोरानं पाहावं. त्याला मी माफ केलेलं नाही.

दोघांनी खुर्शीदबीला दंडाला धरून उठवलं. मग मशीन माझ्यात उतरली. ते मी सांगत नाही. ज्या बाईचं पोट फाडलंय तिला विचारा.

पाणी धो-धो आलं. गुलाल उधळला, पोरं नाचली. तिसऱ्या दिवशी सुभद्रेच्या चुलीवर डाळ शिजेना. आठवड्यात घराघरांत शिजेना. खारट पाणी वर चढून माझ्या गोड पाण्यात मिसळत होतं, आणि मोटर ते आणखी वर ओढत होती.

आकांक्षा अंजनगावच्या दवाखान्यात बाळंत झाली. सव्वा महिन्यानं मुलीला घेऊन माझ्याकडे आली. ओंजळभर पाणी चाखलं आणि तशीच उभी राहिली. तोंडातलं पाणी थुंकायचं की गिळायचं, तिला कळेना. शेवटी गिळलं आणि कठड्यावर बसलेल्या खुर्शीदबीकडे वळली.

"दाई, हे पुन्हा गोड होईन काय?"

"होईन. मोटर बंद करा. कोणी तळाशी उतरून ते भोक चिकणमातीनं बुजवा. मंग तीन पावसाळे मले... तिले हात लावू नका." बोलता बोलता खुर्शीदबीची जीभ घसरली. कोणी हसलं नाही.

तीन पावसाळे कोण थांबतो? गावाची बैठक झाली. खारट विहीर काय कामाची, असं ठरलं. मला मुरुमानं बुजवायचं, वर फरशी टाकायची, फरशीवर जारचं थंड पाणी विकणारी टाकी. मुरुमाची पहिली ट्रॉली येऊन उभी आहे. शनिवारी ओतणार. आज गुरुवार.

खुर्शीदबीनं दोन घमेली चिकणमाती मळून कठड्यापाशी ठेवली आहे. ती वाळू नये म्हणून येऊन-जाऊन पाणी शिंपडते. तिच्यानं उतरवत नाही. लोक घमेली ओलांडून जातात.

मी जन्मात कोणापुढे हात पसरला नाही. माझ्याकडे हात पसरायचे ते तुम्ही. आज मी मागते. मला पूजा नको, फुलं नकोत. एक माणूस खाली पाठवा. गोड पाण्याचे झरे अजून मेलेले नाहीत, बाजूनं झिरपतायत, मला जाणवतं. मुरूम पडला तर तेही चिरडतील, आणि या लेकीबाळी पुढे आयुष्यभर खारट पितील.

श्याम, सकाळपासून तिसऱ्यांदा तू कठड्याशी येऊन आत पाहतोयस. तुझ्या डोळ्यांतलं पाणी माझ्यात पडतंय. ते नको मला, खारट माझ्याकडे पुष्कळ आहे. कमरेला दोर बांध, घमेलं घे आणि उतर.