ठमीचं पोट दुखतंय

मी बोलतेय, शेकायची पिशवी. लाल रबराची, अंगावर उभ्या रेघा असलेली. माझं तोंड कायम बुचानं घट्ट बंद असतं. ते उघडं पडलं की अंथरूण ओलं आणि बोलणी मला. म्हणून आजवर गप्प राहिले.

कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा माझा वास माझा मलाच सहन होईना. पुढे औषधाच्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडले. मला न्यायला कोणी हसत येत नाही. माझी मालकीणही तशीच आली, कडेवर पोर आणि डोळ्यांत पाणी.

मालकीण म्हणजे काळजीचं पोतं. पोरगी शिंकली तरी हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पोरीच्या कपाळाला हात लावायची, मग स्वतःच्या, मग परत पोरीच्या. एकदा ती पोरीसमोरच रडायला लागली, तेव्हा मालकिणीच्या थोरल्या बहिणीनं तिला झापलं, "आजारी लेकरापुढे असं सुतकी तोंड करून बसतात का? हसत राहा, म्हणजे तेही लवकर बरं होईल."

मालकिणीनं खूणगाठ बांधली. पुढच्या आजारपणात अंथरूण खिडकीशी आलं, पाठीला दोन उशा आल्या, गोष्टी आल्या. आखूड झालेल्या फ्रॉकची मला खोळ शिवली, बटणांचे डोळे लावले. पोरीनं माझं नाव ठेवलं ठमी. मी गरम, म्हणून ठमीला कायम ताप. पोरगी डॉक्टरीण होऊन मला रागवायची, पाण्यात खेळलीस ना म्हणून. मायलेकी पोट धरून हसायच्या. खरं सांगते, ते माझे चांगले दिवस होते.

पण पोर बघत होती. आईच्या तोंडावर हसू असायचं आणि हात सारखा तिच्या कपाळाकडे जायचा. आजारी पडलं की हसायचं, दुखतंय म्हणायचं नाही, एवढं ती शिकली.

मग एके दिवशी दुपारी पोरगी पाय पोटाशी घेऊन पडली. आईनं विचारलं तर म्हणाली, "मला काही नाही. ठमीचं पोट दुखतंय."

"अगंबाई, काय खाल्लं तिनं चोरून?"

"तिला खूप दुखतंय, आई."

"मग शेकूया हं तिला."

मालकिणीनं माझ्यात कढत पाणी ओतलं, मला पोरीच्या पोटावर ठेवलं आणि गोष्ट सांगत बसली. माझ्याखाली ते पोट फळीसारखं कडक होतं. मला कळत होतं, पण तोंडाला बूच. पोरगी गोष्टीला हसत होती आणि माझी खोळ मुठीत पिळत होती.

संध्याकाळी बाप कामावरून आला. त्यानं ती मूठ पाहिली आणि चपलाही न काढता पोरीला उचलून दवाखान्यात नेलं. पोटात अपेंडिक्स पिकलं होतं. शेकत कशाला बसलात, आधी का नाही आणलं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. पोर वाचली, पण टाके घेऊन, अर्धी होऊन घरी आली. आणि मी गेले माळ्यावर. मालकिणीला माझं तोंड बघवेना.

तिथल्या उकाड्यात माझ्या रबराला भेगा पडल्या. आता माझ्यात पाणी राहत नाही.

परवा पोरीला पुन्हा कणकण आली. "मला काही नाही," म्हणत ती भिंतीकडे तोंड करून निजली. मालकिणीनं माळ्याखाली स्टूल ओढलं. मग स्टुलावर चढून तिनं मला खाली काढलं, धूळ पुसली, रिकामीच पोरीच्या कुशीत ठेवलं आणि विचारलं, "ठमीला काय होतंय गं?" विचारताना ती हसली नाही.

पोरीनं मला दाबून बघितलं. "तिला काय होणार? ती रिकामी आहे." मग हळूच म्हणाली, "माझा घसा दुखतोय. गिळताना जास्त."

मालकिणीचे डोळे भरले. या वेळी तिनं ते लपवले नाहीत. पोरीनंच हात लांब करून तिच्या कपाळाला लावून बघितला.

मी आता भंगारातच जायची. जाताना एवढंच सांगते, आयांनो. आजारी लेकराला हसवा, जरूर हसवा. पण त्याच्या बाहुलीचं काही दुखत असलं, तर आधी तुमचं हसणं थांबवा.