दानम्माच्या पोटातली येळवस

"पोटात जागा न्हाई, आन् हे वाढायलेतच!" दानम्मा पुटपुटली. मी अगदी जवळून ऐकलं, कारण मी तिच्या पोटातच राहतो.

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. वय विचारू नका. सारखे माझे दोन होतात, त्यातला जुना कोणता ते मलाही सांगता येत नाही. प्राणवायूचं मला वावडं, म्हणून आतड्याच्या अंधारात माझा संसार. हिरव्या पाल्यात गंधक असलेली एक साखर असते, ती माणसाला पचत नाही. मी ती फोडतो, माझा वाटा खातो आणि गंधकाचा तुकडा शेजारणीला देतो. ती त्याचा वायू करते. वास सडक्या अंड्याचा. इतकं राबूनही आजवर कुणी आम्हाला शाबास म्हटलेलं नाही.

त्या दिवशी येळवस होती. या अमावस्येला आमच्या लातूरकडं सगळे शेतात जेवतात, आणि पालेभाज्या-शेंगांची भज्जी कुणी वाढली तर नको म्हणायचं नसतं. दानम्मा लेकासाठी, सोमेशसाठी, मुलगी बघायला अहमदपूरला आलेली. मुलीकडच्या शेतात जेवली, मग शेजारच्या प्रत्येक बांधावर जेवली. मुक्कामही मुलीच्याच घरी पडला.

रात्रभरात भज्जी माझ्यापर्यंत पोचली. आम्ही जीव तोडून काम केलं.

सकाळी थंडीमुळं दारं-खिडक्या लावलेल्या. सुपारी फोडायला माणसं बसलेली. बघायची मुलगी, दामिनी, चहा घेऊन दानम्मापुढं वाकली, आणि नेमका तेव्हाच आमचा माल बाहेर पडला. बिनआवाजी.

"गटार तुंबलं असंल बाई," दामिनीची आई शिवगंगा म्हणाली.

"उंदीर मेला का कुठं?" सोमेशनं पलंगाखाली पाहिलं.

दानम्माचे मालक पंचाक्षरीअप्पा मात्र नाकाला उपरणं लावून दामिनीकडंच बघत राहिले. "पोरीची तब्येत बरी असती न्हवं?"

दामिनीनं ट्रे तिथंच टेकवला. डोळे भरले. सोमेश तिला आवडला होता.

"बघू. कळवतो," म्हणत अप्पांनी टोपी उचलली. या कळवतोचा अर्थ साऱ्या घराला ठाऊक होता.

इकडं दानम्माचं पोट असं आवळलं की मी भिंतीला चिकटलो. मित्रांनो, पालेभाजी पोटभर खा, आम्हालाही जगवा. पण आपल्या पोटातल्या वायूचा आळ दुसऱ्याच्या लेकीवर येऊ देऊ नका, एवढंच माझं मागणं. मला तोंड नाही. तोंड दानम्माला होतं.

"बसा खाली!" ती कडाडली. "पोरीकडं काय बघायलात? मी पादले."