अकरा नंबरची चादर

"त्या बागेवाल्या आश्रमात आक्का जाणार नाही," मामा म्हणाला आणि त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

भाचीने आपल्या आईसाठी, म्हणजे आक्कासाठी, तीन वृद्धाश्रमांची माहितीपत्रकं इस्त्रीच्या टेबलावरच मांडली होती. दोन दिवस रजा टाकून ती तिन्ही पालथे घालून आली होती, आणि आता मामाने एका वाक्यात निकाल लावल्यामुळे तिचं डोकं फिरलं होतं.

"अरे मामा, तिथे बाग आहे, व्यायामाची खोली आहे, सगळं कसं चकचकीत आहे! आणि तू म्हणतोस तिथे, त्या कोपऱ्यावरच्यात, जिन्याचा रंग उडालाय. नाकाला रुमाल लावून चढले मी."

"वास येतोय ना? येऊ दे."

"म्हणजे?"

मामाची लॉण्ड्री होती. आसपासच्या वृद्धाश्रमांच्या चादरी गेली बावीस वर्षं त्याच्याकडे येत होत्या. त्यातल्या एकाही आश्रमात तो मागच्या दारापलीकडे गेला नव्हता, पण कुठे काय चालतं हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. त्याने बागेवाल्यांचं गाठोडं एका हाताने उचललं, वरची चादर ओढून टेबलावर पसरली आणि म्हणाला, "हात लाव."

भाचीने बोटाचं टोक लावलं. "कोरडी आहे."

"कोरडी आहे. आता हे बघ. एक पिवळं कडं. त्याच्याभोवती दुसरं, त्याच्याभोवती तिसरं. एकदा ओली झाली, अंगाखालीच वाळली. पुन्हा ओली झाली, पुन्हा वाळली. माणूस आपलं तसंच पडून." मग त्याने कोपऱ्यावरच्यांचं गाठोडं दोन्ही हातांनी, कुंथत, जमिनीवरून ओढत आणलं. त्याच्या वासाने भाची दोन पावलं मागे सरली. "यांच्या चादरी ओल्या येतात. म्हणजे झाल्या झाल्या कुणीतरी उठून बदलतं. बाग काय, आक्का अंथरुणातून बघणार आहे?"

भाचीने माहितीपत्रकं गोळा केली. तिचा चेहरा पडला होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून आठ महिने तिने आईला एकटीने उचललं होतं, आणि आता तिच्याच कमरेला पट्टा होता. आईला बाहेर ठेवायचं म्हणून ती आधीच अर्धी मेली होती. निदान जागा तरी चांगली दिसावी, एवढंच तिला हवं होतं. मामालाही ते कळत होतं. त्याची स्वतःची खोली लॉण्ड्रीच्या वर, शिडीसारख्या जिन्याने चढायची. तिथे आक्काला नेणार कशी, याचा विचार करून करून तोही थकला होता.

आक्का कोपऱ्यावरच्या आश्रमात गेली. खाट नंबर अकरा. तिच्या चादरींच्या कोपऱ्यात मामाने स्वतः लाल दोऱ्याने आकडा घातला. पहिले पंधरा दिवस अकरा नंबर रोज ओली यायची, आणि ती हातात आली की मामाचा जीव भांड्यात पडायचा. ती तो मशीनमध्ये टाकायचा नाही. वेगळ्या टबात, स्वतःच्या हाताने धुवायचा.

एका रविवारी भेटायला गेला तेव्हा त्याला राहवलं नाही. "आक्का, तुझी चादर मी मशीनला लावत नाही हं. हाताने धुतो," तो कौतुकाने म्हणाला. आक्काने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. तिला बरं वाटलं असेल, असं समजून मामा शीळ घालत घरी आला.

त्या आठवड्यात अकरा नंबर कोरडी आली. मामाने ती उजेडात धरली. दोन कडी होती. दुसऱ्या दिवशी तीन. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. इतक्या ठामपणे बोट दाखवून त्यानेच ही जागा निवडली होती. भरदुपारी लॉण्ड्रीचं शटर ओढून तो तडक आश्रमात गेला आणि जिन्यातच भेटलेल्या, आक्काचं सगळं करणाऱ्या मावशींवर घसरला.

"तुम्हीपण त्यातल्याच निघालात का हो? माझी बहीण तशीच ओल्यात पडून असते?"

मावशींनी हातातली बादली खाली ठेवली. "आवाज खाली करा आधी. दर दोन तासांनी जाते मी. कोरडी आहे म्हणतात, हात लावू देत नाहीत. सकाळी अंग पुसायला उचलतो तेव्हा काय ती निघते. काल जबरदस्तीने बदलायला गेले तर हे बघा." त्यांच्या मनगटावर चार दातांचा ठसा होता. "पाणीसुद्धा सोडलंय त्यांनी. आणि पाठीला लाल चट्टा उठलाय. आणखी चार दिवस असं चाललं तर चिघळेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्हीच विचारा काय झालंय ते."

आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. अठ्ठावन्न वर्षांच्या मामाला जगात ती एकटीच छोट्या म्हणायची.

"छोट्या, आज कसा आलास? आज रविवार नाही."

"आक्का, चादर का बदलू देत नाहीस?"

ती भिंतीलाच म्हणाली, "तुझ्याकडे जाते ना ती."

मामा बळेच हसला. "एवढंच? अगं, आई गेल्यावर माझं अंथरूण कोण धुवायचं? नऊ वर्षांचा होईपर्यंत धुतलंस. बाबांना कळू नये म्हणून चोरून. मला कधी लाजवलं नाहीस."

"मी मोठी आहे," आक्का म्हणाली. "मोठ्याने धुवायचं असतं. धाकट्याने नाही."

आजवर आक्काने या बाबतीत कुणाचं ऐकलं नव्हतं. मामाने तिच्या पाठीकडे पाहिलं, ओठ चावला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलला.

"आता कुठे येतात इथल्या चादरी माझ्याकडे? कालपासून दुसऱ्यांना दिल्या. त्यांचं मशीन मोठं आहे."

आक्काने मान वळवली. "काम गेलं तुझं?"

"गेलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मामाने डोळे हलवले नाहीत.

"बरं झालं," ती शेवटी म्हणाली. "त्या ओझ्यांनी पाठ मोडली असती तुझी. मावशींना हाक मार. आणि तू बाहेर थांब."

मावशी आत गेल्या. मामा दारापासून जरा लांब उभा राहिला. आतून आक्काचं कण्हणं ऐकू आलं, मावशींचं "झालं, झालं" ऐकू आलं. मग ओल्या चादरीची घडी घेऊन मावशी बाहेर आल्या आणि समोर लॉण्ड्रीवाला दिसताच त्यांनी सवयीने ती त्याच्यापुढे धरली. दार उघडंच होतं. उशीवरून आक्का इकडेच बघत होती.

मामाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मला काय देताय मावशी? ती त्या दुसऱ्यांची ना?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग खाटेकडे पाहिलं.

"हो की," त्या मोठ्याने म्हणाल्या. "विसरलेच बघा." आणि चादर घेऊन मागच्या जिन्याकडे चालू लागल्या. दार लोटलं जाईपर्यंत मामाने हात सोडले नाहीत.