मास्कच्या वरची बोळकी

स्वरदा महिनाभर माझ्या खानावळीत जेवत होती आणि मी महिनाभर तिच्याशी खोटं बोलत होते.

खानावळ खुलताबादहून वेरूळला उतरणाऱ्या रस्त्यावर. पोरगी संभाजीनगरात मानववंशशास्त्र शिकते. लोक लेणी बघायला येतात. ही त्या लोकांना आणि त्यांना वाढणाऱ्या आम्हाला बघायला आली. माझी प्रथा तिला फार आवडली. पाहुण्यानं निघताना मातीच्या बोळक्यात चिमूटभर ज्वारी टाकून ते उंबऱ्याशी ठेवायचं. वाटा मागं राहिला की माणूस परत येतो.

"किती जुनी आहे, मावशी?"

"माझ्या सासूच्या सासूपासून," मी ठोकून दिलं. तिनं वहीत लिहून घेतलं. सोमवारी सगळ्या सरांपुढं तिला तेच वाचायचं होतं.

शनिवारी तिचा मित्र शंतनू आला. शास्त्र तेच, शाखा वेगळी. माणसं काय सांगतात ते ही लिहिते; माणसं काय टाकतात ते तो उकरतो. जेवून हात धुवायला म्हणून मागं गेला, तो माझ्या कचऱ्याच्या खड्ड्यातच उतरला.

तासाभरानं हाक आली. "स्वरदा, बघ. दीडशे तरी बोळकी असतील. त्यांच्याखाली निळे मास्क. आणि मास्कच्या खाली एकही बोळकं नाही."

स्वरदानं आधी खड्ड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मावशी, सासूची सासू मास्क लावायची?"

"तिला दमा होता."

शंतनूनं एक निळा मास्क काठीनं उचलून माझ्यापुढं धरला.

"काय करू बाई?" मी म्हणाले. "लॉकडाऊन उठला, पहिली गाडी आली. त्यातली एक बाई विचारती, तुमची खास प्रथा काय? वेरूळला लेणी, खुलताबादला दर्गे, माझ्याकडं नुसती ठेचा-भाकर. संक्रांतीची बोळकी उरली होती. सोडली थाप."

"आणि ती ज्वारी?"

"कोंबड्या खातात."

शंतनूला हसू आवरेना. स्वरदाचे डोळे मात्र भरले. "सोमवारी सर मला सोलून काढतील." वही पिशवीत कोंबून ती उठली. चप्पल घालताना तिची नजर देवळीतल्या बोळक्यावर गेली. "सगळी खड्ड्यात, मग हे एक इथं का? ज्वारीसुद्धा तशीच आहे."

आता खोटं सुचेना. "आमच्या लेकीचं, सोनियाचं हाय. नर्सिंगला पुण्याला निघाली तवा ठेवायला लावलं तिला."

"थाप आहे हे माहीत असून?"

"माझीच तर थाप. पण पोरगी येती ना दर सुट्टीला. उगं कशाला हलवा?"

स्वरदा चप्पल काढून परत बसली. वही उघडली आणि 'सासूच्या सासूपासून' वर काट मारली. "पहिल्यापासून सांगा. गाडी कुठली, ती बाई कशी होती, सोनिया काय म्हणाली. थापेची प्रथा कशी झाली, तेच वाचते सोमवारी."

"माझं नाव घालशील?"

"मग? थाप कुणाची?"

संध्याकाळी निघताना तिनं आपणहून बोळकं मागितलं. शंतनूनंही. त्यानं मात्र बुडाला पेननं तारीख घातली. "पुढं उकरणाऱ्याचा घोळ नको."

दोन्ही बोळकी मी सोनियाच्या बोळक्याशेजारी ठेवली. कोंबड्यांना त्या दिवशी भाकरीचा चुरा घातला.