संत्र्याची साल आणि शनिवारची सकाळ

"काकू, तुमच्या संत्र्याच्या कुकीजमध्ये संत्रं नेमकं असतं कुठे?"

हा प्रश्न मी भर बेकरीत, शाळेच्या गणवेशात, पाच गिऱ्हाइकांसमोर विचारला. कल्पना माझी नव्हती. माझ्या दोन मैत्रिणी, रेडिओ आणि ठेंगू, "हिंमत असेल तर विचारून दाखव" म्हणाल्या आणि स्वतः बाहेर काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. गेल्या वर्षीपर्यंत माझं 'हजर' फक्त माझ्या बाकाला ऐकू जायचं. यंदा शाळेच्या कार्यक्रमात एकदा माईक हातात आला, आणि आता घरचे म्हणतात, हिला बंद करायचं बटणच सापडत नाही.

बेकरीवाल्या काकूंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"जीभ बरी चालते. हात चालतात का? रविवारी बारा कुकीज करून आण. खाण्यासारख्या झाल्या तर दर शनिवारी सकाळी ये, शिकवते. नाही झाल्या तर परत माझ्या मालाला नावं ठेवायची नाहीत."

बाहेर त्या दोघी हसून हसून वाकल्या होत्या. मला हसू येईना, कारण मला ते एकदम हवंच झालं. आतली ती खोली, पीठ लागलेलं लाकडी टेबल, भट्टीचं दार उघडलं की तोंडावर येणारी ऊब. इतके दिवस मी टाचा उंचावून काउंटरच्या अलीकडूनच बघत होते. शनिवारी सकाळी माझा विज्ञानाचा क्लास असतो, एवढं मात्र मी तिथे बोलले नाही.

रविवारी बाबा मदतीला आले. ते चष्म्याची भिंगं बसवतात, त्यामुळे मैदा, लोणी, साखर, चॉकलेटचे तुकडे सगळं काट्यावर मोजलं गेलं. संत्र्याचं खातं माझ्याकडे होतं. संत्रं जाणवलं पाहिजे ना? मग मी चार संत्री पिळली.

"पीठ जरा सैल वाटत नाही?" बाबा म्हणाले.

"बाबा, हे काही भिंग नाही."

ओव्हनमध्ये बारा गोळे गेले. बाहेर एकच कुकी आली, ट्रेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. चॉकलेटचे तुकडे चिखलातल्या दगडांसारखे बसलेले. आई दातांच्या दवाखान्यात काम करते. तिने एक कोपरा तोडून तोंडात टाकला. "दातांना काही धोका नाही. चावायला काही आहेच कुठे?"

आणि संत्रं? चवीला नावालाही नाही.

ट्रे घासून टाकावा आणि त्या रस्त्याने पुन्हा जाऊच नये, असं वाटलं. दोन मिनिटं वाटलं. मग मी ट्रेवर फडकं टाकलं आणि तशीच बेकरीत गेले.

काकूंनी फडकं उचललं. "रस घातलास."

"चार संत्र्यांचा."

"अगं बये!" त्या इतक्या हसल्या की टेबलाला टेकल्या. "स्वाद सालीत असतो गं. रसाने नुसतं पीठ पातळ होतं."

"मग तुमच्या कुकीजना संत्र्याचा स्वाद का येत नाही?" हे मात्र मला कोणी शिकवून पाठवलेलं नव्हतं.

त्यांनी आपलं मनगट चोळलं. "सालीचा कीस साखरेत चोळावा लागतो, बराच वेळ. माझे हात आता तेवढं करू देत नाहीत, म्हणून बाटलीतला अर्क घालते. गिऱ्हाईक काही बोललं नाही, मीही नाही बोलले." मग त्यांनी साखरेचं पातेलं, दोन संत्री आणि किसणी माझ्यापुढे सरकवली. "बारा कुकीज अजून बघितल्या नाहीत मी. कर इथेच. फक्त केशरी भाग किस. खालचं पांढरं आलं की कडू."

मी चोळत राहिले. आधी काहीच होईना. मग साखर ओलसर झाली, रंग धरायला लागली, आणि असा वास सुटला की पाव घ्यायला आलेले आजोबा म्हणाले, "आज काय विशेष?"

पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये. तो अर्धा तास मी कसा काढला, ते मलाच माहीत. मग भट्टी. मधे कच्च्या दिसत असतानाच काकू म्हणाल्या, "काढ. गार होताना बसतील."

बाराच्या बारा, सुट्या, गोल. काकूंनी एक खाल्ली. लगेच दुसरी उचलली.

"शनिवारी सात वाजता ये. नखं कापून."

घरी आले तेव्हा आईबाबा चहा घेत होते. मी उभीच राहिले.

"विज्ञानाचा क्लास मी बुधवारच्या बॅचला घेतेय, सरांशी मीच बोलेन. मार्क घसरले तर खुशाल ओरडा. पण दर शनिवारी सकाळी सातला मी बेकरीत असणार आहे. आई, बाबा, विचारत नाहीये. सांगतेय."