शिडीची बेस गिटार

शिडी गेला आणि पुढे कितीतरी दिवस बँडमध्ये दुसरा बेसवाला आणायचा विषय काढायला कोणी धजेना. माणूस एवढा उंच, की कुठल्याही दारातून शिरताना सवयीने मान वाकवायचा, म्हणून तो शिडी. शेवटी गायिकेनेच धीर केला आणि चष्म्याच्या दुकानात काम करणारी आपली एक मैत्रीण सरावाला आणली. मैत्रीण जेमतेम तिच्या खांद्याला लागत होती.

"शिडीच्या जागी बुटकी आलीय, सांभाळून घ्या," ती स्वतःच म्हणाली आणि त्या दिवसापासून बुटकीच झाली. सगळे हसले, ड्रमर सोडून. तो शिडीचा सख्खा धाकटा भाऊ.

बुटकीची बेस गिटार आखूड मानेची आणि हलकी होती. आवाज गोल, जाडसर, उमटून लगेच विरणारा. तिचा सूर ड्रमच्या ठोक्यावर अगदी नेमका पडायचा. ड्रमरला त्यात खोट काढता येत नव्हती, पण समाधानही वाटत नव्हतं.

"बरोबर वाजवतेस गं," तो म्हणायचा, "पण कोरडं वाटतं."

मग एकदा शिडीची बायकोच सरावाला आली. तिला सगळेच वहिनी म्हणत. खांद्यावरची शिडीची बेस तिने बुटकीच्या पुढ्यात ठेवली.

"भिंतीला टांगून काय करू? वाजवून बघ. तुझ्या हाताला बसली तर ठेव, नाही तर आणून दे. पण भिडेखातर ठेवू नकोस."

घरी नेऊन बुटकीने ती गळ्यात अडकवली तेव्हा पहिल्यांदा खांदाच भरून आला. मान लांब, तारा मानेपासून उंच, दाबायला जड; डावा हात पुरता ताणावा लागत होता. मनगट टेकायचं तिथला रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं, आणि मानेवर काही ठिकाणी बोटांनी बारीक खळगे पडले होते. तिने आपली नेहमीची सुरावट सुरू केली. थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं, की बोटं तिला हव्या त्या जागी थांबत नाहीयेत. ती घसरून त्या खळग्यांत जाऊन बसतायत. आवाज मात्र असा निघत होता, की तिचीच छाती भरून आली. खोल, थोडा घोगरा, आणि बराच वेळ रेंगाळणारा.

नवरा आतून हात पुसत बाहेर आला.

"अरे, तूच वाजवत होतीस? मला वाटलं, कोणीतरी आलंय."

पुढच्या सरावाला तिने तीच नेली. पहिल्याच गाण्यात ड्रमरने डोळे मिटले. तारा उंच असल्यामुळे तिचा सूर आता ठोक्याच्या किंचित मागून येत होता, आणि तो निवांतपणे त्याची वाट बघत होता. गाणं संपलं. तो डोळे न उघडताच म्हणाला, "दादा, शेवटचं परत घेऊ या."

गायिकेने उगाच माइकचं स्टँड खालीवर केलं. ड्रमरने डोळे उघडले, समोर बुटकीला पाहिलं आणि पाणी प्यायला निघून गेला.

बुटकीने मग बेस आपलीशी करायचा चंग बांधला. नव्या मऊ तारा चढवल्या, त्या खाली घेतल्या, आवाजाची धार कमी केली. हाताला ती सोपी झाली, पण ठोक्याच्या मागून येणं काही सुटेना. दुकानात ती रोज गिऱ्हाइकांना एकामागून एक काचा लावून विचारायची, "आता स्पष्ट, की मघाशी?" तेच इथे करून बघावं, असं तिच्या मनात आलं. तिने एकच गाणं दोन्ही बेसवर वाजवून फोनवर रेकॉर्ड केलं आणि नवऱ्याला शेजारी बसवलं.

"हे बरं, की ते?"

"दुसरं," तो चटकन म्हणाला. "विचारायला हवं का?"

तिलाही तेच वाटत होतं. शिडीच्या बेसचा आवाज खरोखरच सरस होता. तिने तो पुन्हा लावला, या वेळी कानाला हेडफोन लावून. तारांच्या आवाजाखाली, अगदी दबकं, कोणीतरी गुणगुणत होतं. शिडी वाजवताना गुणगुणायचा, हे तिने गायिकेकडून ऐकलं होतं. तिने स्वतः वाजवताना आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं.

नवऱ्याने हेडफोन लावून ऐकलं. "तूच आहेस की! तुझाच आवाज आहे हा."

"माझाच आहे," ती म्हणाली. "पण मी कधी गायले?"

नवऱ्याने विषय हसण्यावारी नेला नाही. फोन घेतला आणि बंद करून ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी ती आपलीच आखूड बेस घेऊन गेली. ड्रमरने स्टेजवरच तिला गाठलं.

"ती कुठेय?"

"घरी. परत करणार आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बँड बँडसारखा वाजतोय!"

"तुझ्या भावासारखा वाजतोय."

"मग बिघडलं काय?"

"त्यात मी कुठेय, ते सांग."

तेवढ्यात पडदा उघडायला लागला. पहिली दोन गाणी डळमळली. ती ठोक्यावर येत होती आणि तो अजून मागून येणाऱ्या सुराची वाट बघत होता. तिसऱ्या गाण्यात त्याने दात आवळले आणि वाट बघणं सोडलं. गाणं धावायला लागलं. लोकांना आवडलं. सामान आवरताना तो तिच्याशी बोलला नाही, पण तिची वायर मात्र त्याने नीट गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी ती वहिनींकडे गेली. भिंतीवर बेसच्या आकाराची एक फिकट जागा राहिली होती.

"नाही बसली?" वहिनींनी विचारलं.

"बसली, वहिनी. जरा जास्तच बसली."

बुटकीने बेस मांडीवर घेतली आणि खुंट्या सैल करायला लागली.

"हे काय करतेस?"

"वाजवणार नसाल तर तारा ढिल्या ठेवाव्या. मानेवर ताण येत नाही."

"राहू दे. ढिल्या नको करूस." वहिनी तिच्या समोर बसल्या. "खालून एखादी मोठी गाडी गेली ना, की ही भिंतीवरच हुंकारते. आधी जीव नकोसा व्हायचा मला. तो आत आहे, आता हाक मारेल, असं वाटायचं. म्हणून तर दिली तुला."

"मग?"

"मग काय? गाड्या नुसत्याच जायला लागल्या."

बुटकीने खुंट्या पुन्हा पिळल्या. सगळ्या तारा सुरात आणल्या, एकेक छेडून कान देऊन ऐकली आणि बेस खिळ्याला टांगली. वहिनींनी पुढे होऊन ती अंगठ्याएवढी डावीकडे सरकवली. बुटकी चप्पल शोधायला लागली, तशी त्यांनी तिचा हात धरला.

"थांब ना जरा. एखादी गाडी जाऊ दे."

दोघी भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या.