पुंजारामाचं दुसरं बारसं

माझ्या थोरल्याचं, पुंजारामाचं बारसं मी दोनदा केलं. दुसऱ्या वेळी त्याला मिशा होत्या.

एकाहत्तरच्या लढाईत तो पडला अशी तार आली. माझे दीर तात्यासाहेब घरातले कर्ते, जमिनीच्या भांडणांपायी कायम तहशिलीत. त्यांनी गवताचा पुतळा करून अग्नी दिला, दहावं केलं. सून सरूचं कुंकू पुसलं गेलं. पुढं वर्षानं पुंजाराम शत्रूच्या कैदेतून सुटून आमच्या उस्मानपुऱ्यातल्या दारात उभा. मी त्याला आत ओढायला गेले, तर तात्यासाहेब आडवे.

"वैनी, दहावं झालेला माणूस पुन्हा जन्मल्याबिगर उंबरा ओलांडत नाय. तवर सरूलाबी कुंकू नाय."

"मग घालते जन्माला. एकदा घातलाय, सवय हाय."

गुरुजींनी मुहूर्त काढेपर्यंत पोरगं पडवीत जेवलं, पडवीत झोपलं. सरू दाराआडून बघायची. मी गुलमंडीत कुंची आणायला गेले.

"बाळ केवढं?" दुकानदारानं विचारलं.

"दारात मावत नाय एवढं. मोठ्यातली मोठी दाव."

मुहूर्ताला सगळी भावकी अंगणात येऊन बसली. आधी अंगाला तूप, मग अंघोळ, मग नाव. पुंजाराम पाटावर बसला, पण बंडी काढीना.

"माय, राहू दे ना."

"जन्मताना कोण बंडी घालून येतं रं?" मीच ओढून काढली.

मानेपासून कमरेपर्यंत कातडं नांगरल्यासारखं झालेलं. मग तात्यासाहेब हळूच म्हणाले, "सगळ्या जखमा पाठीवर? पळताना लागल्या वाटतं."

सरूची मान खाली गेली. घटकाभरानं ज्याचं नाव ठेवायचं, त्याला ही भावकी जन्मभर पळपुटा म्हणणार.

"तात्यासाहेब, तहशिलीच्या पायऱ्यांपल्याड तुमी कोणती लढाई बघितली?" मी म्हणाले. मग पोराकडं वळले. "सांग. समद्यांच्या पुढं सांग."

वावरातलं काही सांगावं तसं त्यानं सांगितलं. "लक्ष्मण म्हणून एक जोडीदार व्हता, नगरकडचा. पायाला लागलेलं, उठता येईना. वरून गोळे पडत व्हते. मी त्याच्यावर पालथा पडलो."

"किती वेळ?"

"गोळे थांबंपर्यंत. मग दोघांनाबी धरलं."

"आन् तो?"

"जगला की. मनमाडापत्तोर संगंच आला. तिथून नगरच्या गाडीत बसवून दिला."

माझ्या तळहातावर तूप तसंच. ज्या पाठीला मी लहानपणी धपाटे घातले, तिला हात लावायला मला भीती वाटली. शेंदराच्या देवाला पारोशा हातानं शिवावं, तशी.

तात्यासाहेब पुढं आले. फेटा काढून बाजूला ठेवला.

"वैनी, मी लावू का?"

"लावा. पण आधी हात धुवा."

त्यांनी खरोखर धुतले. गुरुजींनी नाव विचारलं. मी म्हणाले, "तेच." सरू आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली, अन् तिला कुणी अडवलं नाही.

तात्यासाहेब एकेका व्रणावरून हळू बोटं फिरवत तूप लावत होते. मी मागं वळून बघितलं, तर भावकीतलं एकही माणूस बसलेलं नव्हतं.